लाईट गेली आणि गाणं लागलं. श्रेय कुणाचं, गळ्याचं की अंधाराचं?

फुलेवाडी_लास्ट_स्टॉप

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात घरगुती बैठक होती. माणसं चाळीसभर, खाली जाजम, मागं गुडघेदुखीवाल्यांसाठी चार खुर्च्या. एक माईक, दोन बॉक्स. बाहेर चार दिवस न थांबलेला पाऊस. जयपूर घराण्याच्या एक बाई गायला होत्या. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न त्यांच्याबद्दलचा नाही, माझ्याबद्दलचा आहे.

नायकी कानडा राग चालू होता आणि मध्येच लाईट गेली. माईक बंद, पंखे बंद. बाई थांबल्या नाहीत. घरमालकांनी देवघरातली समई आणून ठेवली, तेवढाच उजेड. त्यानंतर जे गाणं झालं ते मी आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात चांगलं गाणं. एक जागा अशी आली की शेजारचे अनोळखी काका आणि मी एकमेकांकडं बघितलं आणि दोघांनीही नजर फिरवली. डोळ्यांत पाणी होतं.

मोबाईलवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. पंधरा दिवसांनी पुण्याला जाताना कराडच्या पुढं गाडीत लावलं. काहीच होईना. कुणीतरी खोकतंय, पाऊस पत्र्यावर वाजतोय, आवाज लांबून येतोय. बायकोनं पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "अहो, हे कुठंतरी बेसूर लागतंय की."

घरी येऊन इअरफोननं ऐकलं. बेसूर लागतंय. तिचं बरोबर आहे.

मग त्या रात्री मी काय ऐकलं? तुमचं असं कधी झालंय का?

तांबडा_पांढरा

झालंय की. लग्नाच्या पंगतीत खाल्लेला रस्सा डब्यात घालून घरी आणला, दुसऱ्या दिवशी गरम केला. सेम.

सुरांचा_हिशेब

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुम्ही गाणं ऐकलंच नाही. पाऊस, समई, वाडा आणि शेजारचे काका ऐकलेत. संगीत म्हणजे स्वर, लय आणि त्यांची मांडणी. ती मोबाईलमध्ये आहे आणि तीत दोष आहे. बाकी सगळी सजावट.

उदाहरण देतो. २००७ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनात जोशुआ बेल हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक साध्या कपड्यांत उभा राहून त्रेचाळीस मिनिटं वाजवत होता, १७१३ सालच्या स्ट्राडिव्हेरियसवर. हजाराहून जास्त माणसं समोरून गेली, थांबली फक्त सात. म्हणजे लोक संगीताला दाद देत नाहीत, तिकिटाला आणि हॉलला देतात. तुम्ही समईला दिलीत.

काय_सांगायलाय

हिशेब साहेब, तो प्रयोग सकाळी आठच्या सुमाराला ऑफिसच्या वाटेवर झाला होता. आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावर सकाळी आठला साक्षात तानसेन जरी उभा केला, तरी गारगोटीची गाडी लागली की मी पळणार. त्यात माझ्या कानाचा काय दोष? साहेब पगार कापतो, तानसेन भरून देणार काय?

भौतिक_मास्तर

"बाकी सगळी सजावट" हे मान्य नाही. खोली ही वाद्याचाच भाग असते.

बी.एड.च्या काळात विजापूरला सहल गेली होती. गोलघुमटाच्या वरच्या सज्जात आमच्यातल्या एकानं सावकाश षड्ज, म्हणजे सा, लावला. अंगावर काटा आला, पोरगा भीमसेनजी वाटायला लागला. मग त्यानं उत्साहात तान घेतली आणि नुसता कालवा झाला. पहिला स्वर विरायच्या आत दुसरा, त्यावर तिसरा. खोली आवाज फार वेळ धरून ठेवत असेल तर संथ आलाप फुलतो आणि वेगवान तान मरते. आता जयपूरची तान आठवा, पेचदार, एकात एक गुंतलेली. ती घुमटात गाऊन बघा, अर्धं घराणं भिंतीत जाईल. लाकडी माडी, जाजम आणि अंगाला अंग लावून बसलेली माणसं, तिथंच ती गायकी तासून स्वच्छ दिसते.

हे मोजलं पहिल्यांदा हार्वर्डच्या सॅबिननं, १८९५ पासून. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळेना म्हणून त्याच्याकडं काम आलं. हा गडी रात्री गजबज थांबल्यावर शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, खोलीत मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करायचा आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचा. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरतात. खोलीचं आकारमान जितकं मोठं तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि आवाज शोषणारं सामान जितकं जास्त तितका कमी.

साउंडवाला_शाहूपुरी

मास्तर बरोबर बोललाय. माझा धंदाच हा हाय, बावीस वर्षं.

रिकाम्या हॉलात दुपारी चेक केलेला साउंड संध्याकाळी हॉल भरला की बसतो. माणूस म्हणजे कापूस. त्यात पावसाळ्यात ओल्या जर्किनी घालून आले की बघायलाच नको. दुपारी गायक म्हणतो "वा, काय घुमतंय", आणि रात्री तोच माझ्याकडं डोळे वटारतो.

आता एक धंद्यातलं गुपित सांगतो. गिऱ्हाईक दोन बॉक्स ऐकायला आलं की जो खपवायचा तो केसभर मोठ्यानं लावायचा. मोठा हाय असं त्याला कळत नाही, "ह्यो क्लिअर हाय" असं म्हणतो. दहातले नऊ फसतात, दहावा साउंडवाला असतो.

तुमच्या बैठकीचं म्हणाल तर माईक गेल्यावर आवाज बारीक झाला आणि लोकं गप झाली. माईक चालू असला की माणूस मागं रेलून मोबाईल बघतो, त्याला ठाऊक असतंय आवाज माझ्यापर्यंत येणारच. माईक गेला की कान पुढं करावा लागतोय. माझ्या पोटावर पाय येतोय तरी सांगतो, चाळीस माणसांला माईक लागतच नाही. पण माईक नसला तर बैठक छोटी वाटते म्हणून यजमान मागवतात.

काय_सांगायलाय

दादा, गणपतीत हेच तत्त्व वापरून जरा बारीक लावा की. आमच्या खिडकीच्या काचा कान पुढं करून बसतील.

साउंडवाला_शाहूपुरी

भावा, त्यो विषय नको. त्या दिवसांत मी गावाला असतो.

हलगी_घुमकं

शास्त्रीयातलं मला काय कळत नाही, पण हलगीचं सांगतो. खासबागेत कुस्ती लागलेली असताना हलगी ऐका. पैलवान मातीत झटायला लागले की जोडीचं घुमकं, म्हणजे हलगीबरोबरचं खालच्या आवाजाचं वाद्य, पोटात वाजतं, कानात नाही. तीच हलगी मोबाईलवर लावा. बिस्किटाचा पत्र्याचा डबा. घुमक्याचा खालचा आवाज त्या एवढ्याशा स्पीकरमधून बाहेर येतच नाही, नुसती टिमकी उरते.

आणि हलगी तरी कुठं एकसारखी असते? पावसाळ्यात कातडं सैल पडतं. काटक्या, कागद, काय मिळंल ते पेटवून शेकावी लागते. शेकल्या शेकल्या जी कडकडते ती अर्ध्या तासानं तशी राहत नाही. आम्ही ओळखतो, नुकती शेकलीय का उतरलीय. रेकॉर्डिंगवाला कधी आला त्यावर तुमची "हलगी" ठरणार.

राजारामपुरीची_काकू

सगळे प्रतिसाद वाचले. छान चाललंय. माझं जरा वेगळं आहे.

आमच्या माहेरी वडिलांना गाण्याचं वेड होतं. वर्षाला दोन-तीन बैठका घरी व्हायच्या. १९७० च्या आगेमागेची गोष्ट. दिवाणखान्यात पुरुषमंडळी, आणि आम्ही बायका माजघरात. पन्नास माणसांचा चहा, मध्यंतराला उपमा. स्टोव्ह पेटला की त्याच्या फरफरीत विलंबित, म्हणजे ख्यालाचा संथ भाग, सगळा बुडून जायचा. आम्हाला ऐकू यायची ती तबल्याची थाप, मधूनच एखादी तान आणि "क्या बात है". कशाला क्या बात है, ते कळायचं नाही. आई कधी कधी स्टोव्हची हवा सोडायची आणि हाताची घडी घालून दाराशी उभी राहायची, दोन मिनिटं. मग आतून कुणीतरी विचारायचं, चहा झाला का.

अख्खा ख्याल पहिल्यापासून शेवटपर्यंत मी पहिल्यांदा ऐकला तो रेडिओवर, सांगली आकाशवाणीवर, लग्नानंतर. तो ऐकताना मला चुकल्या चुकल्यासारखं होत होतं. फार उघडं वाटत होतं सगळं. आजही चांगलं विलंबित लागलं की कुठंतरी चहा उकळतोय असा भास होतो आणि मी उठायला बघते.

तेव्हा हिशेब, तुमची ती "सजावट" माझ्या कानातून कशी काढणार ते सांगा.

तांबडा_पांढरा

काकू, दंडवत. आता काय जोक मारणार.

सुरांचा_हिशेब

काकू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काढता येणार नाही हे कबूल. पण माझा मुद्दा तुम्ही उलट बळकट केलात. बैठक तीच, दिवाणखान्यातल्या माणसाला एक मिळाली आणि माजघरातल्या बाईला दुसरी. म्हणून तर परिस्थिती बाजूला ठेवून ऐकायला शिकलं पाहिजे, नाहीतर आपण ज्याला त्याला आपापल्या चहाचं श्रेय देत बसणार. २०१३ साली एक संशोधन छापून आलं होतं. पियानो स्पर्धांच्या चित्रफिती आवाज बंद करून दाखवल्या, तर नुसतं बघणाऱ्यांनी विजेते जास्त अचूक ओळखले. नुसतं ऐकणाऱ्यांना ते जमलं नाही. यात तज्ज्ञही आले. म्हणजे आपण समजतो त्याहून जास्त गाणं डोळ्यांनी ऐकतो.

काय_सांगायलाय

मग अंधारात ऐकलेलं सगळ्यात खरं म्हणायचं का? तुमच्याच हिशेबानं लाईट गेल्यावर धागाकर्त्यानं पहिल्यांदा नीट ऐकलं.

सुरांचा_हिशेब

हम्म. हे डोक्यात आलं नव्हतं.

बिंदू_चौक_ते_बर्लिन

इथं थंडीत दुपारी चारला अंधार पडतो. मी अंधारात भरपूर ऐकतो, पण रडू फक्त लाईटबिल बघून येतं.

गमतीचा भाग सोडा. कोल्हापूरच्या माणसानं "रेकॉर्डिंग म्हणजेच गाणं" म्हणू नये. जयपूर घराण्याचे मूळपुरुष अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इतकी वर्षं आपल्या गावात गायले आणि त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. आपल्याकडं उरलंय ते ज्यांनी ऐकलं त्यांचं सांगणं आणि शिष्यांचे गळे. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांच्या तबकड्या आहेत, पण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या त्या जुन्या तबकडीत एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. तासाभराची इमारत काडेपेटीत घालायची. कलाकार तबकडीसाठी वेगळं गात, ते बैठकीतलं गाणं नव्हेच. केसरबाईंची भैरवी, "जात कहाँ हो", १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवर गेली तीसुद्धा तेवढीच. आता ती सगळ्या ग्रहांच्या पलीकडं, ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. तिथं कोण कुठल्या परिस्थितीत ऐकणार कुणास ठाऊक.

तांबडा_पांढरा

तिथं लाईट गेलेलीच आहे. छान लागेल.

मिरजकर_तंबोरा

उशिरा आले धाग्यावर. साउंडवाले दादा आणि मास्तर यांना अनुमोदन. एक भर घालते. रेकॉर्डिंगमधून सर्वात आधी मरतो तो तंबोरा. जवारीवर, म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर, तार घासून जे स्वरांचं मोहोळ उठतं ते चार हातांवर ऐकायचं असतं. मागच्या रांगेत जाईपर्यंत त्यातलं निम्मं उरत नाही आणि मोबाईलमध्ये नुसती भुणभुण येते. मागच्या खुर्चीवरच्या माणसाला गायक ज्या स्वरात बसलाय तो स्वरच नीट मिळत नाही. मग तो म्हणतो, आज काही रंगलं नाही.

बाकी, फुलेवाडी, एक विचारायचं होतं. ही बैठक जुलैतली का? यजमानांकडं दारात मोठं पिंप ठेवलं होतं, छत्र्यांसाठी?

फुलेवाडी_लास्ट_स्टॉप

हो, निळं पिंप! तुम्ही होतात?

मिरजकर_तंबोरा

होते. नंतर लिहिते, आत्ता शिकवणी आहे.

परीटघडी

रात्रीचे राग निघालेच आहेत तर माझीही एक तक्रार. उघड्यावरच्या मैफलीत रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा २००० सालचा ध्वनिप्रदूषण नियम. नियम चांगलाच आहे, गणपतीत मीच तो सगळ्यांना ऐकवतो. पण परिणाम काय झाला? सरकार वर्षात पंधरा दिवसांपर्यंत बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तेवढे सोडले तर दरबारी आणि मालकंस साडेआठला उरकायचे. खालून पावभाजीवाल्याचा तवा वाजतोय आणि वर दरबारी. आमच्या लहानपणी बैठक संपून बाहेर पडलं की गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी आलेल्या असायच्या. भैरवी डोक्यात आणि समोर पिळलेलं धारोष्ण दूध. आता भैरवी संपते आणि समोर रिक्षावाला रात्रीचं दीडपट भाडं मागतो.

काय_सांगायलाय

नियमात बंदिस्त सभागृहाला सूट आहे ना पण? केशवराव भोसले नाट्यगृहात रात्रभर नाटकं, गाणी व्हायची.

परीटघडी

सूट आहे. पण घरचा वाडा म्हणजे सभागृह नव्हे, आणि केशवरावचं नाव काढू नका. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि आदल्या रात्री नाट्यगृह जळतंय. मी रस्त्यावर उभा होतो. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभं केलं तेव्हा माईक नावाची गोष्टच रंगमंचावर नव्हती, शेवटच्या रांगेपर्यंत गळा पोचवायचा तो लाकूड आणि भिंतींनीच. मास्तर, परत तसंच दिसणारं बांधलं तरी तसंच वाजेल का?

भौतिक_मास्तर

आकार तोच ठेवला तर बरंचसं येईल. लाकूड, खुर्च्यांचं कापड, छत, पडदे यावर बाकीचं. पण जुन्या नाट्यगृहाचा आवाज आधी कुणी नीट मोजून ठेवला नसेल, तर "तसंच" म्हणजे कसं हे ठरवणार कोण? आपण म्हातारे, आठवणीतून.

फुलेवाडी_लास्ट_स्टॉप

आठवणीवरून आठवलं. काल रात्री एक उद्योग केला. काकूंचा प्रतिसाद वाचून रेकॉर्डिंग परत काढलं आणि वही घेऊन बसलो. लाईट कधी गेली ते रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ कळतं. बॉक्सची घरघर आणि पंख्याचा आवाज एकदम थांबतो. एकतिसावं मिनिट.

आणि ती जागा, जिथं काकांनी आणि मी एकमेकांकडं बघितलं? ती चोविसाव्या मिनिटाला आहे. माईक चालू, पंखे चालू. ट्यूबलाईटच्या उजेडात.

शपथेवर सांगतो, मला समईच्या उजेडात काकांचा चष्मा चमकलेला आठवतो. बायकोला दाखवलं तर ती नुसती हसली. आणि जे बेसूर लागतंय ते एकतिसाव्या मिनिटानंतर, ऐन अंधारात. म्हणजे ज्याला मी आयुष्यातलं सर्वोत्तम म्हणत होतो तिथंच.

हिशेब, तुम्ही जिंकलात बहुतेक.

सुरांचा_हिशेब

थांबा, एवढ्यात नाही. चोविसाव्या मिनिटाची जागा आता इअरफोनवर कशी वाटते?

फुलेवाडी_लास्ट_स्टॉप

आता कुठं आहे ते माहीत झाल्यावर? छातीत कळ येते. गाडीत तिच्यावरून सरळ पुढं गेलो होतो, कराडच्या टोलनाक्याची रांग बघत.

राजारामपुरीची_काकू

अरे मग समई जागा बदलून सात मिनिटं अलीकडं येऊन बसली, एवढंच झालं. माझ्या आठवणीत तर एकाच बैठकीत दोन वेगवेगळ्या वर्षांचे गवई बसलेले असतात.

मिरजकर_तंबोरा

आता सांगते, नाहीतर त्या बाईंवर विनाकारण बालंट येईल.

त्या रात्री डावीकडच्या तंबोऱ्यावर मी होते. मी मागं बसलेली, बाईंचा गळा समोर जातो, त्यामुळं मला मैफलीत गाण्यापेक्षा तंबोरेच जास्त ऐकू येतात. लाईट होती तोवर जोडीला इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू होता. तो गेला आणि उघडे दोन तंबोरेच उरले. हवा इतकी दमट की संध्याकाळपासून तारा सतावत होत्या. अंधारात माझ्या जोडीपैकी, म्हणजे एकाच स्वरात लावलेल्या मधल्या दोन तारांपैकी, एक तार उतरली. अगदी थोडी, पण उतरली. खुंटीला हात घालायची हिंमत झाली नाही. अंधारात खुंटी पिळली आणि फटकन सुटली तर चालू ख्यालात तमाशा. तार बारीक जुळवायच्या मण्यावर बोट फिरवून जमेल तेवढं सावरलं, पुरतं जुळलं नाही. बाईंनी एकदा किंचित मान वळवली, बस. मग उजवीकडच्या तंबोऱ्याला कान लावून गात राहिल्या.

फुलेवाडी, तुम्ही खिडकीच्या बाजूला होतात ना? माझ्या पुढं दोन हातांवर एकानं जाजमावर मोबाईल उपडा ठेवला होता, लाल कव्हरचा.

फुलेवाडी_लास्ट_स्टॉप

माझाच.

मिरजकर_तंबोरा

मग तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये बाईंच्या आधी माझी तार आहे. बाई सुरात होत्या.

भौतिक_मास्तर

जोडीच्या दोन तारांत थोडा फरक पडला की आवाज कमी-जास्त, कमी-जास्त असा डोलायला लागतो. मोकळ्या कानानं तुम्ही त्या डोलण्याकडं काणाडोळा करून गळ्याकडं लक्ष देऊ शकता. उपड्या मोबाईलला ते जमत नाही, त्याला जे जवळ ते मोठं.

साउंडवाला_शाहूपुरी

म्हणून सांगतो, माईक कुठं ठेवायचा ते आम्हाला विचारत जावा. फुकट सांगतो.

फुलेवाडी_लास्ट_स्टॉप

ताई, बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे बेसूर होतंच की. कुणाचं ते मी कुठं सांगितलं होतं?"

पूर्ण रेकॉर्डिंग तुम्हाला पाठवू का? इमेल व्यक्तिगत निरोपात कळवा.

मिरजकर_तंबोरा

नको. ती तार मला अजून ऐकू येते.

तांबडा_पांढरा

पुढच्या बैठकीला चहा कोण करणार ते आधी ठरवा. काकू आतल्या खोलीत बसणार नाहीयेत.

राजारामपुरीची_काकू

पुढच्या रांगेत. उजव्या तंबोऱ्याच्या बाजूला. आणि स्टोव्ह तू पेटव.